डायनोसॉरच्या पिल्लाचा कोरीव फाँडंट केक: भुगा, घसरलेलं पोट आणि बेडकाचा चेहरा

प्रश्न थोडक्यात असा: मुलाचा वाढदिवस, डायनोसॉर थीमची पार्टी, पंचवीसेक माणसं, आणि बसलेल्या डायनोसॉरच्या पिल्लाचा केक घरीच करायचाय. गोल केकवर फाँडंट (साखरेचं मळून पोळीसारखं लाटलेलं आवरण) चढवायची सवय आहे, पण कोरीव केक पहिल्यांदाच. ट्रायल घेतली तर स्पंज कोरताना भुगा पडत राहिला, व्हिप्ड क्रीमवर फाँडंट चढवल्यावर पोट खाली घसरलं आणि चेहरा पिल्लाचा न दिसता बेडकाचा दिसायला लागला. तर नक्की काय बदलायचं?

सविस्तरच लिहिते, कारण तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. जे काम फाँडंट चढवायच्या आधी पूर्ण व्हायला हवं ते फाँडंटकडून करून घ्यायचा प्रयत्न होतोय. फाँडंट ही फक्त कातडी आहे, हाडं आणि मांस आतच तयार पाहिजे. फाँडंट चढवायच्या आदल्या रात्री नुसत्या गनाशमध्ये (चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट लेपात) उभा असलेला केक बघून घरातलं कोणीही "अरे डायनोसॉर!" म्हणालं पाहिजे. तसं कोणी म्हणत नसेल तर फाँडंटला हात लावू नका, परत सुरी घ्या.

आधी स्पंज. भुगा पडतो म्हणजे स्पंज कोरण्यासाठी फार हलका आहे, किंवा ताजा आहे, किंवा दोन्ही. शिफॉन किंवा क्रीम केकला वापरतो तसला जाळीदार स्पंज खायला छान लागतो पण त्याला वजन आणि सुरी दोन्ही झेपत नाही. कोरायला पाउंड केक किंवा चॉकलेट मड केक घ्या. पाउंड केकचं गणित सोपं आहे, लोणी, साखर, अंडी आणि मैदा चारही समान वजनाचे, आणि ओव्हन १६० डिग्रीवर ठेवून हळूहळू भाजा म्हणजे वर फार फुगत नाही आणि कापून टाकावं लागत नाही. बिनअंड्याचा करायचा असेल तरी चालतो, फक्त घट्ट पोताची रेसिपी निवडा आणि कोरण्याआधी एक छोटा केक करून सुरीखाली कसा वागतो ते बघा. केक पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. लोणी थंड होऊन घट्ट झालं की तोच केक सुरीखाली स्वच्छ कापला जातो. काहीजण दगडासारखा गोठवून कोरतात, मला ते पटत नाही, सुरी निसटते आणि मग वितळताना बाहेरून ओलसर होतो. थर लावून झाल्यावर फ्रीजरमध्ये अर्धा पाऊण तास एवढं पुरतं.

किती केक लागेल तेही सांगते. ७ इंची गोल टिनमध्ये २ इंच उंचीचे चार थर, म्हणजे ८ इंच उंच धड. कोरताना यातला पाव ते एक तृतीयांश भाग जातोच, उरलेल्यात पंचवीसेक माणसांना नेहमीचा तुकडा मिळतो. डोकं यात धरलेलं नाही, डोकं केकचं करायचंच नाही. त्याचं पुढे सांगते.

सुरीला हात लावायच्या आधी कागद. मी याच्यावर जरा जास्तच बोलते कारण बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग डोळ्याच्या अंदाजाने कोरत बसतात. पिल्लाचं समोरून एक आणि बाजूने एक अशी दोन चित्रं केकच्या खऱ्या मापात काढा किंवा प्रिंट करा, आणि मग त्या चित्राची बाह्यरेषा सगळीकडून ८ मिलिमीटर आत घेऊन कापा. हे ८ मिलिमीटर कुठून आले? गनाशचा थर साधारण ५, फाँडंट ३ ते ४. ते दोन्ही बाजूंनी चढतात, म्हणजे रुंदीत दीड सेंटिमीटरहून जास्त वाढ होते. म्हणूनच कोरलेला केक बारीक आणि सुबक दिसतो आणि फाँडंट चढल्यावर अचानक जाडजूड होतो, मान नाहीशी होते, मांडी आणि पोट यातली खाच बुजून जाते. खाचा तर मुद्दाम दुप्पट खोल कोरा. कोरताना त्या अति वाटल्या पाहिजेत, दोन थर चढल्यावर बरोबर दिसतात.

आता सांगाडा. पोट घसरलं त्याला क्रीम एक कारण आहेच, पण दुसरं म्हणजे वजन कुणी पेललं नव्हतं. केक स्वतःचं वजन साधारण ४ इंच उंचीपर्यंत नीट पेलतो, त्याच्यावर गेलात की खालचा थर दबायला लागतो आणि बाहेर फुगतो. म्हणून ८ इंचाच्या धडात मधोमध एक पातळ केक बोर्ड (पुठ्ठ्याची गोल चकती) लागतोच. खालचे दोन थर लावा, त्यात चार-पाच जाड स्ट्रॉ किंवा डॉवेल (आधाराच्या काड्या) उभे खुपसा, केकच्या पृष्ठभागाशी बरोब्बर समपातळीत कापा, मग बोर्ड, मग वरचे दोन थर, त्यात परत स्ट्रॉ, मग डोक्याचा बोर्ड. म्हणजे डोक्याचं वजन स्ट्रॉवरून बोर्डवर, बोर्डवरून खालच्या स्ट्रॉवर आणि तिथून पायातल्या जाड बोर्डवर जातं, केकवर येतच नाही. सगळे स्ट्रॉ एकाच मापाचे हवेत, पहिला खुपसून खूण करा आणि बाकीचे त्याच्या मापाने कापा, प्रत्येक वेगळा मोजलात तर बोर्ड कलंडतो. या सगळ्याच्या मधून एक लाकडी दांडी खालच्या बोर्डला पक्की स्क्रूने बसवलेली, खाद्यपदार्थाला चालेल अशा फॉइलमध्ये गुंडाळलेली, आणि बोर्डांना मधे भोकं पाडून केक त्या दांडीत ओवत जायचा. दांडी वजन पेलत नाही, ती आडवं सरकणं थांबवते, दोन्ही कामं वेगळी आहेत आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. खालचा बोर्ड मात्र जाड घ्या, १२ मिलिमीटरचा, उचलताना वाकला की वरच्या फाँडंटला चिरा पडल्याच.

एक बारीक गोष्ट: मधला बोर्ड कोरून झालेल्या केकपेक्षा लहान हवा. तिथे धड ६ इंचाचं राहणार असेल तर बोर्ड ५ इंचाचा घ्या. नाहीतर कोरताना सुरी पुठ्ठ्यावर आदळते, कडा बाहेर डोकावते आणि मग ती लपवायला गनाशचे थरावर थर.

थरांमधलं फिलिंग पातळ ठेवा, ५ मिलिमीटर पुरे, गनाश किंवा घट्ट बटरक्रीम. जॅम, फळांचे तुकडे, मऊ क्रीम कोरीव केकच्या आत नको, वजन आलं की सगळं कडेने बाहेर येतं.

कोरायला दातेरी छोटी सुरी लागते, दाबायची नाही, करवतीसारखी मागेपुढे चालवायची. कापलेली कागदी चित्रं टूथपिकने केकला टोचा, पहिल्यांदा फक्त समोरच्या चित्राप्रमाणे दोन्ही बाजू उभ्या कापा. मग केक ९० अंशांत फिरवा आणि बाजूच्या चित्राप्रमाणे पाठ आणि पोट कापा. आता तुमच्यासमोर चार कोपऱ्यांचा डायनोसॉर असेल, विचित्र दिसतो, घाबरू नका, माप सगळीकडून बरोबर असतं. त्यानंतर कोपरे गोल करायचे, एका वेळी अगदी पातळ चकत्या काढत, आणि दर दोन-तीन चकत्यांनी टर्नटेबल फिरवून मागे सरकून बघायचं. जवळून बघत कोरलं की एक बाजू नेहमी जास्त जाते, बहुधा ज्या हाताने सुरी धरता ती. मापाचे टूथपिक मोजून परत काढायला विसरू नका, लहान मुलं खाणार आहेत.

निघालेला चुरा टाकू नका. त्यात थोडं गनाश कालवा, मुठीत दाबला तर गोळा राहील इतपत घट्ट. या गोळ्यातून मांड्या, गाल, पोटाचा उभार, सगळं केकवर चिकटवून आकार देता येतो. बसलेल्या पिल्लाच्या मांड्या आतून कोरत बसण्यापेक्षा धड नुसतं खाली रुंद वर निमुळतं कोरा आणि मांड्या याच गोळ्याच्या लावा, अर्धा वेळ वाचतो आणि दोन्ही बाजू सारख्या करणं सोपं जातं कारण गोळे वजन करून समान घेता येतात. जास्त कापलं गेलं तरी इथेच भरून निघतं. फक्त खूप जाड लावू नका, हा गोळा केकपेक्षा जड असतो.

डोकं, शेपटी आणि पावलं राइस क्रिस्पी ट्रीटची करा. मार्शमॅलो आणि थोडं लोणी वितळवून त्यात फुगवलेल्या तांदळाचं सीरियल घालायचं, साधारण ६ कप सीरियलला २८० ग्रॅम मार्शमॅलो आणि ३ टेबलस्पून लोणी असं नेहमीचं खायचं प्रमाण आहे, आकार द्यायचा असेल तर लोणी निम्म्यावर आणा म्हणजे घट्ट बसतं. सीरियल आधी हाताने थोडं चुरडून घ्या, पृष्ठभाग कमी खडबडीत येतो. कोमट असतानाच हाताला लोणी लावून जोर लावून दाबा. सैल दाबलेलं डोकं दुसऱ्या दिवशी बसतं आणि आकार बदलतो, हे खूप जणांच्या बाबतीत होतं आणि मग दोष फाँडंटला दिला जातो. गार झालं की हेही सुरीने कोरता येतं. केकच्या डोक्यापेक्षा हलकं, टणक, आणि दोन दिवस आधी करून ठेवता येतं हा तर सगळ्यात मोठा फायदा. डोकं साधारण ५ इंचाचं धरा, पिल्लू आहे त्यामुळे डोकं अंगाच्या मानाने मोठंच छान दिसतं. खालून दांडीसाठी भोक आधीच पाडून ठेवा.

आता व्हिप्ड क्रीमचा विषय. फाँडंट म्हणजे मुख्यतः साखर, आणि साखर पाणी ओढून घेते. डेअरी क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्यामुळे क्रीमला टेकलेलं फाँडंट आतून विरघळायला लागतं, चिकट होतं, जड होतं आणि खाली ओघळतं. गोल केकवर पातळ फाँडंट थोड्या वेळासाठी निभावून जातं, बाहेर झुकलेल्या पोटावर निभत नाही. इथे गनाशच हवं. डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग, वजनाने. मिल्क किंवा व्हाइट चॉकलेटला तीनास एक, आणि हवा गरम असेल तर डार्कला अडीचास एक आणि व्हाइटला साडेतीन-चारास एक. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं, म्हणून गार खोलीत हे गनाश घट्ट कवचासारखं राहतं. आतल्या केकचा ओलावाही बाहेर येऊ देत नाही, म्हणून गनाशने पूर्ण झाकलेला, आत क्रीम किंवा फळ नसलेला केक गार खोलीत दोन दिवस फ्रीजबाहेर आरामात राहतो.

गनाश आदल्या दिवशी करून झाकून बाहेर ठेवा, सकाळी सहज पसरवता येईल इतकं मऊ मिळतं. पहिला हात पातळ, चुरा धरून ठेवण्यापुरता, फ्रीजमध्ये वीस मिनिटं. दुसरा हात जाड. वाकड्या पृष्ठभागावर सपाट स्क्रेपर चालत नाही, केकच्या कडेला लावायची जी जाड, पारदर्शक प्लॅस्टिकसारखी अ‍ॅसिटेट शीट मिळते तिचा तळहाताएवढा तुकडा कापून कोपरे गोल करा, तो वळतो आणि गोलाईवरून सुंदर फिरतो. शेवटी गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या चमच्याची पाठ फिरवा. राइस क्रिस्पीच्या डोक्यालाही गनाश लागतंच, नाहीतर प्रत्येक दाणा फाँडंटमधून वर दिसतो. आणि मग रात्रभर थांबायचं. या थांबण्यात दोन गोष्टी होतात, गनाश पक्कं होतं आणि केक जेवढा दबायचाय तेवढा दबून घेतो. आधी घाई केली तर केक फाँडंट चढल्यावर दबतो, आत अडकलेली हवा बाहेर यायला बघते आणि पोटाला फुगा येतो. तरीही फुगा आलाच तर बारीक सुई तिरकी खुपसून हवा काढा आणि बोटाने हलकेच बसवा.

रंग फाँडंट चढवायच्या आदल्या दिवशी मिसळा, जेल कलरच, पाण्यासारखा पातळ रंग नको. बाटलीतला हिरवा एकटा वापरला तर प्लॅस्टिकसारखा भडक दिसतो, थोडा पिवळा आणि टूथपिकच्या टोकावर येईल इतका ब्राउन घाला, एकदम जिवंत होतो. रंग काही तासांत अजून गडद होतो म्हणून हवा त्यापेक्षा फिकटावर थांबा. सगळं एकाच वेळी मळा, धड, डोकं, मांड्या, शेपटी मिळून पावणेदोन-दोन किलो, कारण नंतर तीच छटा परत जमवणं जवळपास अशक्य आहे. काळा आणि गडद लाल हे दोन रंग तयार विकत घ्या, पांढऱ्यापासून करायला इतका रंग लागतो की फाँडंट कडवट आणि चिकट होतं.

चढवताना एका मोठ्या गोल चादरीने सगळं धड झाकायच्या मागे लागू नका. ८ इंच उंच धडासाठी जवळजवळ दोन फुटांची चादर लागते, ती उचलतानाच ताणून फाटते आणि खाली सगळ्या बाजूंनी चुण्या जमतात. त्याऐवजी पट्टीसारखं चढवा. मांड्या लावलेल्या घेराचं माप दोऱ्याने घ्या, त्याहून दीड-दोन इंच जास्त लांब आणि धडापेक्षा इंचभर जास्त उंच अशी पट्टी ४ मिलिमीटर जाडीची लाटा. गनाशवर ब्रशने पाण्याचा अगदी हलका हात फिरवा, थेंब ओघळता कामा नये. पट्टीचा मधला भाग पोटावर लावा आणि दोन्ही हातांनी बाजूंनी मागे न्या, मांडीच्या खाचेत आधी बोटांनी दाबून बसवा आणि मगच पुढे जा, नाहीतर खाचेवर फाँडंट ताणलं जातं आणि नंतर दाबायला गेलात की फाटतं. वर निमुळतं असल्यामुळे जादाचं सगळं फाँडंट पाठीच्या मधोमध जमेल. तिथे दोन्ही कडा चिमटीत धरून कात्रीने कापा आणि सांधा बोटाने दाबून सपाट करा. हा सांधा नीट दिसेनासा नाही झाला तरी काळजी करू नका, त्याच्यावरूनच पाठीचे काटे येणार आहेत. कोणतंही कॅरॅक्टर निवडताना मी हेच आधी बघते की सांधा कुठे लपेल, सिंहाला आयाळ असते, परीला केस असतात, रोबोटला तर पत्र्याचे जोड मुद्दाम दाखवता येतात. डायनोसॉर पहिल्या कोरीव केकला फार चांगला आहे तो याच कारणाने.

लाटताना खाली कॉर्नफ्लोर कमी आणि पांढरी व्हेजिटेबल फॅट जास्त वापरा. कॉर्नफ्लोरने फाँडंट कोरडं पडतं आणि वळणावर सुरकुतल्यासारख्या बारीक चिरा येतात. चिरा आल्याच तर बोटाला जराशी फॅट लावून गोल गोल चोळा. फार सैल आणि चिकट वाटलं तर आयसिंग शुगर मळा.

फाँडंट मऊ आहे तोवर खवल्यांचं काम उरका. स्ट्रॉ तिरका धरून त्याची अर्धी कडा दाबली की छान अर्धगोल उमटतो. सगळ्या अंगावर नका करू, खांदा, मांडीचा वरचा भाग आणि शेपटीच्या मुळाशी पुंजके पुंजके पुरतात. पोटाला क्रीम रंगाचा लंबगोल वेगळा लाटून लावा, त्यावर चाकूच्या पाठीने आडव्या रेषा.

काटे, हात आणि कानाबिनासारखे सुटे भाग चार-पाच दिवस आधी. २५० ग्रॅम फाँडंटला १ टीस्पून टायलोज पावडर मळली की ते सुकून कडक होतं. काटे मोठ्यापासून लहान अशा क्रमाने कापा, मऊ असतानाच तळात कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा खुपसून सुकवा आणि रोज पालथे करा म्हणजे वाकत नाहीत. टूथपिक नको आणि तार तर थेट केकमध्ये कधीच नको, स्पॅगेटी चुकून तोंडात गेली तरी खाण्याचीच वस्तू आहे. चिकटवायला २ टेबलस्पून पाण्यात पाव टीस्पून टायलोज विरघळवून रात्रभर ठेवा, छान डिंक तयार होतो.

आता चेहरा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. बेडूक का झाला ते सांगते, तुमच्या वर्णनावरूनच कळतंय: डोळे डोक्याच्या माथ्यावर लागले असणार, बाहेर आलेले असणार आणि तोंडाची रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली असणार. बेडकाची ओळखच ती आहे. पिल्लाचा चेहरा उलट असतो, कपाळ मोठं आणि डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या जरा खाली. राइस क्रिस्पीचं डोकं करतानाच पुढे छोटं नाकाड काढा, डोक्याच्या निम्म्याहून कमी रुंदीचं, आणि नाकाडाच्या वर दोन्ही बाजूंना अंगठ्याने डोळ्यांच्या खोबणी दाबा. फाँडंट चढल्यावर त्याच खोबणी परत दाबायच्या. डोळा खोबणीत बसला की तो चेहऱ्याचा वाटतो, सपाट भागावर चिकटवला की वरून लावलेला बटणासारखा दिसतो.

डोळे लावायच्या आधी कागदाचे दोन गोल कापा, ५ इंची डोक्याला अडीच सेंटिमीटरचे ठीक आहेत, ते पिनने तात्पुरते टोचून हाताच्या अंतरावरून फोनवर फोटो काढा. फोटोत वाकडेपणा लगेच दिसतो, डोळ्याला समोरासमोर दिसत नाही. अर्धा सेंटिमीटर खाली, जरा जवळ, परत फोटो. दोन डोळ्यांमध्ये साधारण एक डोळा मावेल एवढी जागा असली की चेहरा गोड दिसतो, त्याहून लांब नेले की परत बेडकाकडे जातो. जागा पक्की झाली की पिनेच्या टोकाने बारीक खूण करा आणि पिना मोजून बाजूला ठेवा.

डोळा थराथराने बनतो, खाली पांढरा, त्यावर रंगीत, त्यावर काळा, त्यावर पांढरा ठिपका. गोल कापताना लाटलेल्या फाँडंटवर क्लिंग फिल्म पसरून त्यावरून कटर दाबा, कडा धारदार न येता गोलसर येतात आणि डोळ्याला आपोआप किंचित फुगीरपणा मिळतो. पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, उजवीकडे वर असेल तर दोन्हीकडे उजवीकडेच वर, कारण उजेड एकाच दिशेने येतोय. आरशासारखे समोरासमोर लावले तर नजर तिरळी वाटते आणि काय चुकलंय ते लोकांना सांगता येत नाही, फक्त बघायला बरं वाटत नाही एवढंच जाणवतं. आणि वरची पापणी विसरू नका, अंगाच्याच हिरव्या रंगाची पातळ पट्टी, रंगीत गोलाचा वरचा थोडा भाग झाकणारी. ती नसली की पिल्लू दचकल्यासारखं दिसतं, ती लावल्या क्षणी चेहरा शांत होतो. माझ्या मते सगळ्या केकमध्ये सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू हीच आहे.

तोंड छोटं ठेवा, नाकाडाच्या रुंदीतच, आणि रेषेच्या दोन्ही टोकांना बॉल टूलने (टोकाला गोळी असलेल्या काडीने) खळी दाबा, हसू तिथून येतं. नाकपुड्या जवळजवळ. मग ब्रशवर जराशी गुलाबी खाद्य पावडर घेऊन गालांवर कोरडीच फिरवा, आणि मांडीच्या, काखेच्या, पापणीखालच्या खाचांत गडद हिरवी. या सावलीने कोरलेलं सगळं काम उठून दिसतं.

पावडरींबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगते. चमकीच्या डबीवर 'एडिबल' लिहिलेलं आणि घटकांची यादी दिलेली असेल तरच वापरा. 'नॉन टॉक्सिक' म्हणजे खाण्याची नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन लहान मुलांना उलट्या-जुलाब झाले होते, तपासात त्या केकवरच्या चमकीत तांब्याची पूड निघाली.

डोकं बसवल्यावर मानेचा सांधा दिसेल, त्यावर गळ्यात बांधलेला रुमाल किंवा फाँडंटची जाड वळकटी द्या. हात सगळ्यात शेवटी.

दिवसांची वाटणी साधारण अशी ठेवा: पाच दिवस आधी काटे आणि हात, चार दिवस आधी केक भाजणं आणि राइस क्रिस्पीचे भाग, तीन दिवस आधी थर लावून कोरणं आणि गनाशचा पहिला हात, दोन दिवस आधी सकाळी गनाशचा दुसरा हात आणि मग फाँडंट रंगवणं, आदल्या दिवशी फाँडंट चढवणं आणि चेहरा. पार्टीच्या दिवशी फक्त काटे, गळ्यातला रुमाल आणि हात लावणं. चेहरा रात्री उशिरा करू नका, थकलेल्या डोळ्यांना समांतर दिसत नाही, दुपारच्या उजेडात करा.

फाँडंट चढलेला केक शक्यतो फ्रीजमध्ये ठेवू नका. ठेवावाच लागला, हवा फार गरम असेल किंवा आत क्रीमचं फिलिंग असेल तर, पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा, पुठ्ठा ओलावा शोषतो. बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नका, केक खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तरी घाम आला तर हात लावायचा नाही, पुसायचा नाही, पंख्याच्या समोर लांब ठेवा, वाळतो. बोट लावलंत की तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो आणि गडद रंग ओघळतो. क्रीमचं फिलिंग असलेला केक मात्र फ्रीजबाहेर दोन तासांहून जास्त नको, ३२ डिग्रीच्या वर गरमी असेल तर एकच तास. खिडकीतल्या उन्हात केक ठेवू नका, गुलाबी, जांभळा आणि निळा रंग तर काही तासांत फिका पडतो.

नेताना गाडीच्या डिकीत सपाट जागी, खाली न घसरणारी रबरी मॅट, एसी चालू. सीटवर किंवा कोणाच्या मांडीवर नको, सीटला उतार असतो आणि मांडी हलते. शेपटीचं टोक आणि काटे वेगळ्या डब्यात न्या आणि तिथे लावा, थोडं हिरवं फाँडंट, डिंक आणि ब्रश सोबत ठेवा.

आणि केक कापणाऱ्याला आधी सांगून ठेवा की आत काय आहे, गर्दीत कोणाच्या लक्षात राहत नाही म्हणून चिठ्ठीवर लिहून खोक्यावर चिकटवलंत तर उत्तम. आधी डोकं दांडीवरून सरळ वर उचलून बाजूला, मुलांना फोटो काढायला तेच हवं असतं. मग काटे काढा. वरचे दोन थर मधल्या बोर्डपर्यंत कापून संपवा, स्ट्रॉ ओढून मोजा, बोर्ड काढा आणि मग खालचे दोन. मुलांच्या ताटलीत जाड फाँडंट नको असेल तर ते सोलून बाजूला काढता येतं, खालचं गनाश आणि केक तसाच सुटतो.